काटा थांबेपर्यंत

मिशीच्या प्रकरणाची चूक घरातल्या सगळ्यांनी मिळून आबांना सांभाळायला येणाऱ्या मोनालीच्या नावावर लावली होती, कारण त्या दिवशी ती रजेवर होती आणि रजेवर असलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. खरं पाहिलं तर दाढी करायला आलेल्या संपतनं रीतसर विचारलं होतं. फेस पुसता पुसता तो म्हणाला, "आबा, मिशी बी काढू का?" आबा म्हणाले, "बराबर." संपतनं वस्तरा फिरवला. पन्नास वर्षं सांभाळलेली झुपकेदार मिशी टॉवेलात पडली, आणि आरसा समोर आल्यावर आबा असे रडले की संपत आपली पेटी तिथंच टाकून पळाला.

जूनमध्ये लकवा मारला तेव्हा आबांची, म्हणजे तातेराव मापाड्यांची, उजवी बाजू गेली आणि जिभेवरचे सगळे शब्द गेले. उरला तो एवढाच, बराबर. कापसाच्या बाजारात तीस-पस्तीस वर्षं काट्यापाशी उभं राहून ते हाच शब्द पुकारत आले होते. तो पुकारला की शेतकरी आणि व्यापारी दोघंही वजन मान्य करायचे. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, सगळ्यात जास्त वापरलेला शब्द मागे राहतो. घरच्यांनी मग आपल्या सोयीचा अर्थ घेतला. बराबर म्हणजे हो. थोरली सून उषा विचारायची, "मामंजी, साखर जास्ती टाकू?" बराबर. थोरला मुलगा बद्रीनाथ विचारायचा, "आबा, बातम्या लावू?" बराबर. पाच महिन्यांत आबांच्या मनाविरुद्धच्या किती गोष्टी त्यांच्याच संमतीनं होऊन गेल्या असतील ते देव जाणे.

पण परवाच्या बुधवारी धाकट्या मुलानं, भागवतनं, व्हिडिओ कॉलवर जे विचारलं, ते साखरेबद्दल नव्हतं.

रविवारी सकाळी आबांच्या पत्नी सोनूबाई उठल्या त्याच उद्याचा विचार घेऊन. उद्या आबांना न्यायला गाडी येणार होती. भागवतनं संभाजीनगरला आपल्या फ्लॅटजवळची एक संस्था बघून ठेवली होती. चोवीस तास नर्स, बटण दाबलं की डोक्याकडून वर होणारा पलंग, डॉक्टर रोज सकाळी. उषानं फोनमधलं माहितीपत्रक वाचून दाखवलं होतं आणि त्यातली एकच ओळ सोनूबाईंच्या कानात राहिली होती. नातेवाइकांना भेटायची वेळ, चार ते पाच. एक्कावन्न वर्षं ज्या माणसाच्या खोकल्यानं सकाळ होत आली, तो माणूस आता चार ते पाच भेटणार होता.

मुलगी साधना मध्ये पडली म्हणून निदान आजची बैठक होती. ती अंबडकडे केंद्रप्रमुख. आठ-दहा शाळांची तपासणी करणं हेच तिचं काम, त्यामुळे जगात कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय चांगली किंवा वाईट ठरते हे तिला पटतच नाही. तिनं फोनवर दोन्ही भावांना बजावलं होतं, "आधी इथली सेवा कशी हाय ते पाहू. चांगली निघाली तर आबा इथंच राहतेल. न्हाई निघाली तर सोमवारी गाडी."

सोनूबाई आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मोनाली आबांचं अंग पुसत होती. ती करुणा घरसेवेची पोरगी, बौद्धांच्या घरची, चोवीस वर्षांची, सकाळच्या पहिल्या जीपनं येणारी. करुणा घरसेवा म्हणजे तरी काय, तर वडीगोद्रीच्या बेबीनंदाबाई, त्यांची स्कूटी, बीपीचं एक मशीन आणि हाताखाली चार बाया. पाटी नाही, ऑफिस नाही.

"मोनाली," सोनूबाई म्हणाल्या, "आज पोरं येऊन राह्यली. तू आज जेवायला..."

त्यांनी ओसरीकडे पाहिलं.

"ओसरीवर बसते, आजी." मोनालीनं मान वळवली नाही. आबांच्या बोटांच्या बेचक्या ती एकेक करून पुसत होती. "मला म्हाईत हाय. तुमी कामून जिवाला लावून घेता?"

तिनं ते इतकं सहज म्हटलं की सोनूबाईंना कुठं तोंड लपवावं ते कळेना. गेला दीड महिना दोघी आत, गॅसच्या ओट्याखाली पाट मांडून शेजारी-शेजारी जेवत होत्या. मोनालीच्या डब्यातली जवसाची चटणी अर्धी सोनूबाईंच्या ताटात जायची आणि जेवता जेवता सोनूबाई तिला बाजारातल्या, काट्याच्या, आबांच्या तरुणपणच्या गोष्टी सांगायच्या. पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तरी कदाचित कुणी काही बोललं नसतं. ही भीती पोरांची नव्हती, शेजाऱ्यांचीही नव्हती. ती जुनी होती आणि त्यांची स्वतःची होती.

*

अकरा वाजता साधनानं पिशवीतून चार कागद काढले. वर ठळक अक्षरात 'गृहशुश्रूषा सेवा मूल्यमापन प्रपत्र', खाली बारा मुद्दे, प्रत्येकी पाच गुण, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, 'रुग्णाचे मत'.

"आक्का, ही काय शाळा हाय का?" भागवत म्हणाला. तो पहाटेच निघून गाडीनं आला होता आणि आल्यापासून त्याचा एक पाय हलत होता.

"मंग तू ती संस्था कशावरून निवडली? फोटोवरून?"

"जाऊन बघून आल्तो मी. दोनदा."

"मार्क दिले का?"

भागवतचा पाय थांबला. बद्रीनाथ दाराजवळ उकिडवा बसला होता, म्हणजे मनानं तो उसाच्या फडात होता. ऊसतोड सुरू झाली होती आणि टोळी सकाळपासून त्याची वाट बघत होती. काल फोनवर त्यानं भागवतला "तू म्हणशील तसं" सांगितलं होतं आणि साधनालाही "तू म्हणशील तसं" सांगितलं होतं. दोघंही त्याला आपल्या बाजूचा समजून बसले होते.

"जल्दी उरकून घ्या," तो म्हणाला. "मला बारापर्यंत जायचंय."

"तुमाला रोजच बारापर्यंत जायचं असतं," उषा चहा ठेवता ठेवता म्हणाली. ती कुणाच्या बाजूची, हे कुणी विचारलंच नव्हतं. आबा गेले तर गाव म्हणणार, सुनेनं ठेवले नाहीत. आबा राहिले आणि मोनाली गेली तर सगळं तिच्या अंगावर येणार. ती आत वळली ती दाराआडच थांबली, ऐकत.

बेबीनंदाबाई आल्या तेव्हा हेल्मेटनं केस चपटे झालेले, खांद्याला कापडी पिशवी. पन्नाशीची बाई, बोलायला हळू. नमस्कार करून सतरंजीच्या कडेला बसल्या.

"तुमचं शिक्षण काय, बेबीताई?" भागवतनं सुरुवात केली.

"सातवी. जालन्याला एका दवाखान्यात सतरा वर्षं आया होते."

"म्हणजे नर्सिंगचं काही न्हाई."

"मपलं न्हाई. मोनालीचा सहा म्हयन्याचा कोर्स झालाय. बाकीच्या तिघींना मी शिकिवलं."

साधनानं लिहून घेतलं. खोटं बोलणाऱ्या माणसाचा पहिला आकडा नेहमी फुगलेला असतो, हा तिचा शाळांमधला अनुभव होता. सातवी हा काही फुगवलेला आकडा नव्हता.

मग ती उठून आत गेली आणि तपासणी खरोखरची सुरू झाली. चादर उचलून तिनं गादीचा वास घेतला. आबांची नखं पाहिली, टाचा पाहिल्या. गोळ्यांची डबी उघडून वार आणि गोळ्या जुळवल्या. मोनालीच्या मदतीनं आबांना कुशीवर केलं आणि शर्ट वर सरकवला. पाच महिने पडून असलेल्या माणसाची पाठ कशी असते ते तिनं तिच्या सासऱ्यांच्या वेळी पाहिलं होतं. तिनं मनाची तयारी करूनच पाहिलं. पाठ स्वच्छ होती, पुसलेल्या पाटीसारखी. कुठं लाल डागसुद्धा नव्हता.

"किती वेळानं कूस बदलतीस?"

"दोन तासानं. रात्री आजी बदलतेत. मी शिकिवलं त्यांना, उशी कुठं लावायची ते."

 आपली आई, जिनं कधी थर्मामीटर हातात धरला नाही, ती रात्री दोन-दोन तासांनी उठते हे साधनाला कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा तिनंच विचारलं नव्हतं. तिनं पाचपैकी पाच लिहिले आणि पेन जरा जास्तच दाबला गेला.

सगळंच काही छान नव्हतं. वेळेवर येण्याला तिनं तीन दिले, कारण जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि आठची मोनाली कधी पावणेनऊला पोहोचते. बीपीच्या नोंदीत दोन दिवस कोरे होते.

"मशीन एकच हाय," बेबीनंदाबाई म्हणाल्या. "ते दोन दिवस केदारखेड्याच्या पेशंटकडं गेल्तं. चूक हाय. दुसरं घ्यायचंय."

"आणि कोपराचं?" भागवत पुढे सरकला. "बुधवारी मी फोनवर पाह्यलं. आबांच्या कोपराला खपली होती. कुणी मला सांगितलं न्हाई. दादा, तू बी न्हाई."

बद्रीनाथनं दाराबाहेर पाहिलं.

"लिहिलेलं हाय, भाऊ." बेबीनंदाबाईंनी पिशवीतून वही काढून त्याच्या हातात दिली. "वाचा."

*

भागवतनं वही उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागला. त्याला पुरावा हवा होता आणि पुरावा मोठ्यानं वाचायचा असतो.

"घर, मापाडी, घनसावंगी. ऑगस्ट. पोरीचं जेवण, ओसरीवर. हाक मारल्यावर येणारं माणूस, कोणी नाही. पेशंटशी बोलणारं माणूस, आजी. सप्टेंबर. जेवण, ओसरीवर. हाक मारल्यावर येणारं, कधी कधी वहिनी. ऑक्टोबर. जेवण, आत, आजीसोबत." तो थांबला. "हे काय लिहिलंय?"

"तुमी मागल्या बाजूनं उघडली," बेबीनंदाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा थोडा उतरला होता. "पुढून पेशंटचं असतं. मागून घराचं."

"घराचं म्हणजे?"

"आमी बी घराला मार्क देतो, भाऊ. पोरगी दिवसभर परक्या घरात राहती. तिला कुठं ठेवायची, कुठून काढून घ्यायची, ते मला ठरवावं लागतं. ते तुमाला दाखवायचं नव्हतं."

 साधनाच्या मांडीवर तिचं प्रपत्र होतं. बारा मुद्द्यांत घराबद्दल एकही नव्हता. शाळा तपासताना ती गावाची समिती येते का, पालक येतात का, हे आधी विचारते. इथं ते तिला सुचलं नव्हतं.

"मंग आमचं घर पास हाय का?" तिनं विचारलं. थट्टा करायचा तिचा विचार होता, पण आवाज तसा निघाला नाही.

"ऑगस्टमधी मी पोरगी काढून घेणार होते. ती म्हणली, मावशी, ऱ्हाऊ द्या, आजोबा चांगले हाईत."

सोनूबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बेबीताई, नोव्हेंबरचं बी लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "आज सकाळी मी पुन्यांदा तिला ओसरी दाखवली. ही तिघं येणार म्हणून. दीड म्हयना माझ्या ताटाजवळ बसली ती, अन् आज मला लाज वाटली. तिची न्हाई. आता वाटून राह्यली ती खरी लाज हाय, माझी मला."

"बाई..." साधना आईला थांबवत म्हणाली.

"लिहू दे त्यांना."

बेबीनंदाबाईंनी लिहिलं नाही. उषा तेवढ्यात दाराआडून निघाली, ओसरीवर गेली, कोनाड्यात ठेवलेला मोनालीचा डबा उचलून आत घेऊन आली आणि ओट्यावर ठेवला. झाकण ओट्यावर आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

भागवतनं वही पालथी केली आणि पुढून उघडली. आता तो मोठ्यानं वाचत नव्हता, म्हणून साधनानं ती त्याच्या हातून घेतली. "सोमवार. सकाळी साडेनऊ. बाथरूममध्ये नेताना डाव्या कोपराला कडी लागली. धुऊन मलम लावलं. उचलायला दोन माणसं लागतात. बद्रीभाऊंना तीन हाका दिल्या. फोनवर होते. एकटीनं उचललं, माझी चूक. मोनाली."

"कारखान्याचा फोन होता," बद्रीनाथ जमिनीकडे बघत म्हणाला. "तोडीची तारीख लागत नव्हती. मला वाटलं, उषा जाईल."

"मी दळणाला गेल्ते," आतून आवाज आला.

इथपर्यंत भागवत एका बाजूला, साधना दुसऱ्या बाजूला आणि बद्रीनाथ दोघांच्याही, असं साधारण चित्र होतं. आता कोण कुणीकडे ते कुणालाच सांगता आलं नसतं. साधनानं कोपराच्या मुद्द्यापुढे तीन लिहिले, मग खोडून चार केले, मग पुन्हा तीन.

"ठीक हाय," भागवत शेवटी म्हणाला. "सेवा वाईट न्हाई, मानतो. पण आक्का, तुझ्या कागदावर शेवटची ओळ काय हाय? रुग्णाचे मत. ते मी घेतलेलं हाय. आबांनी स्वतः होकार दिलाय मला."

त्यानं फोन काढला आणि बुधवारचं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर आबांचा अर्धा चेहरा. भागवतचा आवाज, आबा, इकडं येता का माझ्याकडं, चांगली सोय हाय. आणि 'माझ्याकडं'च्या वरच पडलेला आबांचा शब्द, बराबर.

सोनूबाईंनी डोळे मिटले. त्यांना भीती होती ती याच एका शब्दाची, आणि तो त्या फोनमध्ये होता.

*

बेबीनंदाबाईंची शिकवण होती की घरच्यांच्या बोलण्यात पडायचं नाही. आपण पेशंटच्या, घर त्यांचं. मोनालीनं आजवर ते पाळलं होतं. मिशीचा ठपका आला तेव्हाही ती गप्प राहिली होती. पण आता ती आबांच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती आणि तिला दिसत होतं की उद्या गाडी येईल, त्या संस्थेतली नर्स विचारील, आजोबा लाइट बंद करू, आजोबा कूस बदलू, आजोबा घरी जायचं, आणि प्रत्येक वेळी हे बराबर म्हणतील, आणि ती नर्स प्रत्येक वेळी हो समजेल.

"भाऊ," ती म्हणाली, "ते हो न्हाई."

"काय?"

"त्यांनी न्हाई म्हणलंय तुमाला."

भागवतनं तिच्याकडे पाहिलं, मग बेबीनंदाबाईंकडे. "म्हणजे आता आबा काय म्हणले ते तू सांगणार?"

"मी न्हाई, आजीनं सांगितलं." मोनालीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आजी, तुमी काट्याची गोष्ट सांगितली न्हवं का? व्यापारी म्हणायचे, चल तातेराव, जल्दी, माल पडलाय. अन् हे हात मागं बांधून उभं राह्यचे. काटा हालायचा थांबल्याशिवाय बराबर म्हणायचेच न्हाईत."

"हौ," सोनूबाई म्हणाल्या. "शेठ शिव्या द्यायचे. पण हे काट्याकडं बघत राह्यचे. अन् ज्याचा माल खोटा वाटला त्याला पोतं काट्यावर ठेवू बी द्यायचे न्हाईत. हात हलवून बराबर बराबर म्हणायचे, म्हणजे चल, उचल, पुढं हो."

"तेच हाय," मोनाली म्हणाली. "हो म्हणायचं असलं तर ते थांबतेत. खूप थांबतेत. आपल्याला वाटतं ऐकूच गेलं न्हाई. आपण दुसरं काही बोलाय लागतो. अन् न्हाई असलं तर आपलं बोलणं संपायच्या आत म्हणतेत. रजेवरून आल्ते तवा आजोबांची मिशी गेल्ती. तवापासून मी मोजून राह्यले."

सोनूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. गोष्ट त्यांची, नवरा त्यांचा, आणि अर्थ या पोरीला सापडला. क्षणभर त्यांना चक्क हेवा वाटला. मग त्यांना आठवलं की ही गोष्ट त्यांनी सांगितली ती जेवताना, चटणी वाढून घेता घेता. ओसरीवर बसलेल्या पोरीला ती त्यांनी कधीच सांगितली नसती.

"सिद्ध करून दाखव," साधना म्हणाली. उठलीच ती. हा तिचा प्रांत होता.

सगळे आबांच्या पलंगाभोवती जमले. आबा उशीला टेकून बसले होते, ओठावर पांढरे खुंट पुन्हा उगवत होते. मोनाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, साधनानंच तिला तसं उभं केलं.

"आबा, चहात साखर जास्ती पाहिजे का?"

"बराबर." प्रश्न संपायच्या आत.

"न्हाई म्हणले," मोनाली भिंतीला म्हणाली.

उषानं तोंडाला पदर लावला. "पाच म्हयने मी दोन चमचे जास्ती टाकून राह्यले."

"आबा, दुपारी बाजरीची भाकर, दुधात कुस्करून?"

आबा काही बोलले नाहीत. साधना पुढचा प्रश्न विचारणार तोच बेबीनंदाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. पंखा फिरत होता. बद्रीनाथनं एकदा घसा साफ केला. आबांची नजर पलंगाच्या कडेवर कुठं तरी टेकली होती आणि हळूहळू स्थिर होत होती.

"बराबर," आबा म्हणाले.

"हो," मोनाली म्हणाली.

"आबा," बद्रीनाथ मागून म्हणाला, "संपतला बोलावू का, मिशी काढायला?"

"बराबर, बराबर, बराबर!"

सगळे हसले. आबासुद्धा हसले, अर्ध्याच चेहऱ्यानं, पण ते पूर्ण हसणं होतं. मोनाली भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत हसत होती. या एकाचा अर्थ कुणालाच विचारावा लागला नाही.

*

फक्त भागवत हसला नाही.

जूनमध्ये आबांना दवाखान्यात नेलं तेव्हा तो कंपनीच्या कामानं दक्षिणेत कुठं तरी होता. तिसऱ्या दिवशी पोहोचला तोवर शब्द गेले होते. बद्रीदादानं आबांचं शेवटचं बोलणं ऐकलं होतं, ते बैलाच्या पाण्याबद्दल होतं. आक्कानंही फोनवर ऐकलं होतं. त्याच्या वाट्याला काही आलं नव्हतं. आबा फ्लॅटजवळ आले तर रोज ऑफिसातून येताना जाता येईल, चार ते पाचची वेळ थोडी मागेपुढे करून घेता येईल, असा त्याचा हिशेब होता, आणि त्यात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं. म्हणून तर बुधवारचं ते बराबर त्यानं घट्ट धरून ठेवलं होतं. पाच महिन्यांत आबा त्याच्याशी बोललेली ती एकच गोष्ट होती.

तो पलंगाच्या कडेला बसला.

"आबा," त्यानं सावकाश विचारलं, "माझ्याकडं येता का ऱ्हायला?"

त्यानं थांबायचं ठरवलं होतं. लागेल तेवढा वेळ. पण थांबावं लागलंच नाही.

"बराबर."

कुणी मोनालीकडे पाहिलं नाही.  भागवतच म्हणाला, "न्हाई म्हणले."

आबांचा डावा हात चादरीवरून सरकत आला आणि त्यानं भागवतच्या शर्टाची बाही धरली. धरून ठेवली. सोनूबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"दादा, उद्याच्या गाडीवाल्याला न्हाई म्हणून सांग," भागवत म्हणाला.  मग बाही सोडवून न घेताच तो आबांकडे वळला. "मंग मीच येतो. आबा, दर रविवारी येत जाऊ?"

"बराबर." लगेच. शब्दावर शब्द.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग बद्रीनाथच्या नाकातून आवाज निघाला, साधनानं कागद तोंडापुढे धरला आणि बेबीनंदाबाईंनीसुद्धा मान खाली घातली.

"त्यांना म्हाईत हाय ना," सोनूबाई रडता रडता हसत म्हणाल्या, "दर रविवारी तू काही येत न्हाईस. खोटं वजन घेत न्हाईत ते."

भागवतनं कपाळावर हात मारून घेतला. तोही हसला, आणि हसता हसता त्यालाही डोळे पुसावे लागले. मग तो खरंच विचार करायला लागला. कंपनीतल्या पाळ्या, पोरीचे रविवारचे क्लास, रस्ता, सासुरवाडीची माणसं. सगळं मनाशी धरून, वजा करून, जे उरलं ते त्यानं आबांपुढे ठेवलं.

"म्हयन्यातून दोनदा. दुसरा अन् चौथा रविवार. आल्यावर आंघोळीला दुसरं माणूस मी. बाकीच्या दिवशी दादा, हाक आली की फोन ठेवून. बरं का दादा?"

बद्रीनाथनं मान हलवली.

आबा गप्प होते. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला, गाणं वाजवत, आणि लांब जाऊन गाणं विरलं. बद्रीनाथचा फोन वाजला. त्यानं न बघता बंद केला. उषा हातात उलथणं घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. आबा भागवतकडे बघत होते, मग त्याच्या खांद्यावरून पलीकडे, आणि मग पुन्हा त्याच्याकडे. कुणीही जल्दी म्हटलं नाही.

"बराबर," आबा म्हणाले.

साधनानं पेन उघडलं. शेवटच्या ओळीत, रुग्णाचे मत, तिथं तिनं तो एक शब्द लिहिला. मग थोडा विचार करून त्याच्यापुढे कंसात लिहिलं, काटा थांबल्यावर.